खेळणारे आणि खेळ घडविणारे

(संस्थेच्या वार्षिक पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेले भाषण)





आजच्या मेळाव्यात कोणत्या विषयावर बोलू, असे मी चिटणीस साहेबांना विचारले. ते म्हणाले, "सर, यंदाच्या पालकसभेत एकच तक्रार होती. मुलगा मोबाइल सोडत नाही, रात्रंदिवस गेम खेळतो. त्यावरच काहीतरी बोला." ही तक्रार मीही घरोघर ऐकतो. अम्मी जेवायला हाक मारते आणि आतून उत्तर येते, "हा डाव संपू दे." तो डाव काही संपत नाही आणि ताटातले कालवण थंड होते. मुलांना विचारावे तर ती म्हणतात, मोठ्यांना यातले काहीच कळत नाही. माझ्या मते दोन्ही बाजूंचे म्हणणे बरेचसे खरे आहे. म्हणून उपदेश करण्यापूर्वी हा खेळ आला कोठून, तो कोणी घडविला आणि बदलत बदलत आपल्या घरात कसा शिरला, हे आपण पाहू. ज्या वस्तूचा इतिहास आपल्याला ठाऊक नाही तिच्यावर नुसता राग धरून काही साधत नाही.

खेळ ही गोष्ट आपल्याला नवी नाही. भारतातला चतुरंग इराणात गेला, तेथे त्याचा शतरंज झाला आणि अरबांनी तो युरोपच्या दारापर्यंत नेला. दहाव्या शतकात बगदादच्या अब्बासी दरबारात अस्‌-सूली नावाचा मोठा विद्वान होता. त्याने शतरंजावर ग्रंथ लिहिले. त्याच बगदादमध्ये नवव्या शतकात अल्‌-ख्वारिझ्मी हे गणिती होऊन गेले. संगणकाला जी पायरीपायरीने आज्ञा द्यावी लागते तिला आज जगभर 'अल्गोरिदम' म्हणतात. हा शब्द त्यांच्याच नावावरून आला आहे. तेव्हा तुमच्या मोबाइलमधला कोणताही खेळ उघडा, त्याच्या मुळाशी आपल्या एका बुजुर्गाचे नाव आहे. मुले मात्र तो खेळ खेळतात आणि ते नाव त्यांना ठाऊक नसते.

आता यंत्राच्या खेळाकडे वळू. १९५८ साली अमेरिकेतील ब्रूकहेवन राष्ट्रीय प्रयोगशाळेत विल्यम हिगिनबॉथम नावाचे शास्त्रज्ञ होते. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी अणुबाँबच्या इलेक्ट्रॉनिक यंत्रणेवर काम केले होते आणि पुढे अण्वस्त्रांचा प्रसार थांबावा म्हणून ते आयुष्यभर झटले. प्रयोगशाळा पाहायला येणारे लोक कंटाळतात हे पाहून त्यांनी ऑसिलोस्कोपच्या लहानशा पडद्यावर टेनिसचा खेळ मांडला. एक आडवी रेघ म्हणजे मैदान, एक उभी रेघ म्हणजे जाळी आणि एक उडता ठिपका म्हणजे चेंडू. लोकांनी त्यासाठी रांगा लावल्या. पण त्याचे पेटंट घ्यावे असे त्यांच्या मनातही आले नाही आणि पुढे तो खेळ मोडून त्याचे भाग दुसऱ्या कामाला वापरले गेले.

१९६२ साली मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये स्टीव्ह रसेल आणि त्याच्या मित्रांनी 'स्पेसवॉर' हा अंतराळयुद्धाचा खेळ रचला. तो ज्या संगणकावर चालत असे त्याची किंमत सुमारे १,२०,००० डॉलर होती. अर्थात असा खेळ घरात येणे शक्यच नव्हते.

तो घरात आणला राल्फ बेअर यांनी. बेअर हे जर्मनीत जन्मलेले ज्यू. केवळ ज्यू म्हणून त्यांना तेथील शाळा सोडावी लागली आणि १९३८ साली त्यांचे कुटुंब देश सोडून अमेरिकेत आले. तेथे कारखान्यात काम करीत असताना त्यांनी टपालाने येणारा अभ्यासक्रम पुरा करून रेडिओ दुरुस्तीचे शिक्षण घेतले. १९६६ साली त्यांच्या मनात विचार आला की, घरोघरी दूरचित्रवाणी संच आहेत, त्यांच्यावर नुसते पाहत बसण्याऐवजी खेळता का येऊ नये? त्यातून १९७२ साली 'ओडिसी' हे घरगुती यंत्र बाजारात आले. त्याला आवाज नव्हता. मैदानाचे चित्र हवे तर रंगीत प्लास्टिकचा पारदर्शक कागद पडद्याला चिकटवावा लागे.

त्याच वर्षी नोलन बुशनेल आणि टेड डॅबनी यांनी अटारी कंपनी काढली. ॲलन अल्कॉर्न या तरुण इंजिनियरला हात बसावा म्हणून एक सोपे काम दिले गेले आणि त्यातून 'पाँग' तयार झाला. कॅलिफोर्नियातील सनीव्हेल येथे एका दारूच्या गुत्त्यात पहिले यंत्र ठेवले. थोड्याच दिवसांत ते बंद पडल्याचा निरोप आला. अल्कॉर्नने जाऊन उघडले तर यंत्र शाबूत होते; नाण्यांचा डबा काठोकाठ भरल्यामुळे ते अडले होते. पैशाची ही गोष्ट लक्षात ठेवा, शेवटी मी तिच्याकडे येणार आहे.

यानंतर ज्या माणसाचे नाव मी घेणार आहे त्याच्यासाठी, पालकहो, आपण जरा कान द्यावा. जेरी लॉसन हे न्यूयॉर्कमधले कृष्णवर्णीय. सामान्य वस्तीत वाढलेले. पहिलीत असताना त्यांच्या बाकाजवळ शिक्षिकेने जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर या गुलामगिरीत जन्मलेल्या कृष्णवर्णीय शास्त्रज्ञाचे चित्र लावले होते. आपणही असे होऊ शकतो, ही जाणीव आपल्याला त्या चित्राने दिली असे ते पुढे सांगत. त्यांची आई तर विलक्षण होती. मुलाला शाळेत घालण्यापूर्वी ती स्वतः जाऊन शिक्षकांची आणि मुख्याध्यापकांची परीक्षा घेत असे. शाळा पसंत पडली नाही तर मुलाला तेथे घालत नसे. लॉसन लहान वयातच घरोघर जाऊन दूरचित्रवाणी संच दुरुस्त करू लागले. १९७६ साली फेअरचाइल्ड कंपनीच्या 'चॅनेल एफ' या यंत्राचे काम त्यांच्या नेतृत्वाखाली झाले. तोपर्यंतच्या घरगुती यंत्रांत जे खेळ बसविलेले असत तेवढेच खेळायचे. लॉसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रत्येक खेळ वेगळ्या कार्ट्रिजमध्ये, म्हणजे काढता-घालता येणाऱ्या डबीत, भरला. यंत्र एकदा घ्या, डब्या पाहिजे तेवढ्या बदला! पुढचा सारा धंदा या एका कल्पनेवर उभा राहिला. त्यांचा गौरव झाला तो २०११ साली, मृत्यूच्या महिनाभर आधी.

पुढच्या काही वर्षांत या कलेला बहर आला. १९७८ साली जपानमध्ये तोमोहिरो निशिकादो यांनी 'स्पेस इन्व्हेडर्स' केला. त्यात एक मौज झाली. शत्रूंची संख्या कमी झाली की उरलेले शत्रू जलद धावू लागत. हे मुद्दाम योजलेले नव्हते. पडद्यावर काढायच्या आकृत्या कमी झाल्या की यंत्राचे ओझे हलके होई आणि वेग आपोआप वाढे. निशिकादोंनी हा दोष न मानता तसाच ठेवला आणि खेळात रंगत आली. १९८० साली तोरु इवातानी यांनी 'पॅक-मॅन' केला. खेळाच्या दुकानात फक्त टारगट मुलेच जमतात, मुलींनाही यावेसे वाटले पाहिजे, म्हणून त्यांनी मारामारी सोडून खाण्याचा विषय घेतला.

आमच्या विद्यार्थिनींसाठीही एक नाव सांगतो. कॅरल शॉ. १९८२ साली त्यांनी 'रिव्हर रेड' हा नदीवरून विमान नेण्याचा खेळ लिहिला. अटारीच्या त्या यंत्राला अवघ्या १२८ बाइटची स्मृती होती आणि त्यांच्या डबीत जागा ४ किलोबाइटची. एवढ्या जागेत लांबलचक नदीचा नकाशा मावणार कसा? शॉबाईंनी नकाशा साठविलाच नाही. त्यांनी असे गणिती सूत्र बसविले की यंत्र खेळता खेळता पुढची नदी स्वतः काढीत जाई आणि दर वेळी तीच नदी निघे. गणिताचा उपयोग काय, असे विचारणाऱ्या मुलींनी हे उदाहरण वहीत लिहून ठेवावे.

पैसा दिसला की घाई होते, तसेच येथे झाले. वाईट खेळांचा बाजारात सुळसुळाट झाला. 'ई. टी.' या चित्रपटावरचा खेळ १९८२ साली एकाच माणसाकडून सुमारे पाच आठवड्यांत करवून घेतला गेला. तो इतका पडून राहिला की कंपनीने न्यू मेक्सिको राज्यात आपला न विकलेला माल ट्रक भरभरून नेऊन जमिनीत पुरला. २०१४ साली तो उकरून पाहण्यात आला. १९८३ पासून अमेरिकेतील हा धंदा जवळजवळ बुडालाच.

त्याला वर काढले जपानच्या निन्टेन्डो कंपनीने. ही कंपनी १८८९ साली क्योतो शहरात पत्ते तयार करण्यासाठी निघाली होती. तिच्यात शिगेरू मियामोतो नावाचा तरुण होता. तो इंजिनियर नव्हता. त्याचे शिक्षण कलाशाळेत झाले होते. लहानपणी गावाबाहेरच्या डोंगरात आणि गुहेत हिंडण्याचा त्याला छंद होता आणि तो छंदच त्याच्या खेळांत उतरला. त्याच्या देखरेखीखाली तयार झालेला १९८५ चा 'सुपर मारिओ ब्रदर्स' हा संपूर्ण खेळ ४० किलोबाइटचा आहे. आज आपल्या मोबाइलने काढलेला एक फोटोसुद्धा याच्या कितीतरी पट मोठा असतो. जागा वाचविण्यासाठी त्यांनी ढग आणि झुडूप यांची आकृती एकच ठेवली. पांढरी केली की ढग, हिरवी केली की झुडूप! कोट्यवधी मुलांनी तो खेळ खेळला आणि फारच थोड्यांच्या ते ध्यानात आले. गरिबीत संसार करणाऱ्या आपल्या माता-भगिनींना ही काटकसर लगेच समजेल.

आणखी एक नाव मॉस्कोचे. १९८४ साली सोव्हिएत विज्ञान अकादमीच्या संगणक केंद्रात अलेक्सी पाजित्नोव यांनी 'टेट्रिस' लिहिला. त्यांच्या संगणकावर चित्र काढण्याची सोय नव्हती, म्हणून कंसांच्या चिन्हांचे चौकोन करून काम भागविले. हा खेळ जगभर गेला, पण हक्क सरकारकडे गेल्यामुळे त्यांना स्वतःला उत्पन्न मिळू लागले ते १९९६ पासून.

आपल्याकडे हे वारे जरा उशिरा आले. आखाती देशांत नोकरीला असलेले आपले बांधव सुटीवर येताना टेपरेकॉर्डर आणि अत्तराबरोबर मुलांसाठी व्हिडिओ गेम आणू लागले. पुढे त्या जपानी यंत्राच्या स्वस्त नकला शहरांच्या बाजारात मिळू लागल्या. डबीवर '९९९९ इन १' असे छापलेले असे आणि आत तेच ते पाच-दहा खेळ निघत. ज्यांना हेही परवडत नसे ती मुले बसस्टँडजवळच्या व्हिडिओ पार्लरमध्ये जात. तेथे जपानच्या कॅपकॉम कंपनीचा १९९३ चा 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स' हा खेळ असे. पण हे नाव कोण घेणार? त्यातल्या चार नायकांपैकी एकाचे नाव मुस्तफा. तेव्हा साऱ्या देशातल्या मुलांनी, सर्व जातिधर्मांच्या मुलांनी, त्या खेळाला 'मुस्तफा' म्हणूनच ओळखले.

येथे मला माझी एक चूक सांगितली पाहिजे. त्या काळी मी आठवीला गणित शिकवीत असे. एका मुलाने परीक्षा फीचे पैसे भरले नव्हते आणि तो आठवडाभर शाळेत नव्हता. त्याच्या वडिलांना घेऊन मी त्या पार्लरमध्ये गेलो. मुलगा यंत्राच्या मागे बसला होता. मी त्याला ओढून बाहेर काढले, चारचौघांत दोन थपडा मारल्या आणि पुष्कळ बोललो. तो शाळेत पुन्हा आला नाही. अनेक वर्षांनी माझा मोबाइल बिघडला तेव्हा मी ज्या दुकानात गेलो ते त्याचेच निघाले. त्याने मला खुर्ची दिली, चहा मागविला. मी जुना विषय काढला तेव्हा तो म्हणाला, "सर, फीचे पैसे मी खेळण्यात घालविले, हे खरेच आहे. पण पैसे संपल्यावर मालक मला मशीनचे मागचे झाकण उघडू देत होता. बटणांच्या तारा जोडायला मी तिथेच शिकलो." मी त्याला त्या दिवशी सर्व काही विचारले होते, यंत्राच्या मागे तू काय करतोस, एवढेच विचारले नव्हते. लॉसन यांच्या शिक्षिकेने एक चित्र लावले आणि मी एक मूल शाळेतून घालविले. हे मी कमीपणा वाटत असूनही सांगतो, कारण या सभागृहात शिक्षक बसलेले आहेत.

पुढची कथा आपल्याला ठाऊक आहे. १९९४ साली जपानमध्ये सोनीचे 'प्लेस्टेशन' निघाले आणि डबीच्या जागी तबकडी आली. चित्रांना खोली आली. १९९७ साली नोकियाच्या फोनवर 'स्नेक' आला आणि खेळ खिशात शिरला. मग इंटरनेटने अनोळखी माणसे एकाच मैदानात आणली. आपल्या देशात २०१६ नंतर इंटरनेट स्वस्त झाले आणि स्वस्त मोबाइल वाड्या-वस्त्यांवर पोहोचले. २०१८ साली 'पबजी मोबाइल' आला. सप्टेंबर २०२० मध्ये केंद्र सरकारने त्यावर बंदी घातली, पण तशा धर्तीचे खेळ थांबले नाहीत.

पालकहो, या साठ-पासष्ट वर्षांत चित्रे सुधारली, हा बदल सर्वांना दिसतो. त्याहून मोठा बदल दिसत नाही. पार्लरच्या यंत्राला वाटे, तुमचा डाव लवकर संपावा, म्हणजे तुम्ही दुसरे नाणे टाकाल. मारिओच्या खेळाला शेवट होता. राजकन्या सुटली की खेळ पुरा झाला. आजचे पुष्कळसे खेळ फुकट मिळतात आणि त्यांना शेवटच नाही. खेळणारा उठू नये, उद्या पुन्हा यावा, यासाठी रोजचे बक्षीस, वरची पायरी, नवा पोशाख अशी योजना आत केलेली असते. मुलगा ऐकत नाही हे खरे, पण त्याने ऐकू नये यासाठी पलीकडे शिकलेली माणसे पगार घेऊन बसली आहेत, हेही खरे आहे.

त्यातही एक प्रकार असा की पैसे देऊन बंद पेटी विकत घ्यायची आणि आत काय निघेल ते नशिबावर. २०१८ साली बेल्जियमने अशा पेट्यांना जुगार ठरविले. आपल्या देशात २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने कायदा करून पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांना मनाई केली आणि ई-स्पोर्ट्सला मान्यता दिली. मुसलमानाला मात्र या कायद्याची वाट पाहण्याचे कारण नव्हते. कुरआन शरीफने मैसिर, म्हणजे जुगार, केव्हाच निषिद्ध ठरविला आहे. पेटी रंगीत पडद्यावर असली म्हणून हुकूम बदलत नाही.

आता व्यसनाविषयी. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली 'गेमिंग डिसऑर्डर' हा विकार आपल्या यादीत स्वीकारला. पण त्याची व्याख्या नीट समजून घ्या. खेळण्यावरचा ताबा सुटणे, इतर सर्व कामांपेक्षा खेळ वर ठेवणे आणि नुकसान होत असूनही खेळत राहणे, आणि हे साधारणपणे वर्षभर चालणे, याला विकार म्हटले आहे. दोन तास खेळणारे प्रत्येक मूल रोगी नव्हे. तथापि झोप, जेवण, नमाज, अभ्यास, मित्र हे एकामागून एक सुटू लागले तर मारझोड न करता डॉक्टरांकडे जावे. त्यात लाज नाही.

घरात काय करावे, ते थोडक्यात सांगतो. पहिले म्हणजे नेटवरचा डाव मध्येच थांबत नाही. शंभर जण मैदानात असतात आणि एक डाव अर्ध्या तासाचाही असू शकतो. तेव्हा जेवण वाढल्यावर हाक मारण्यापेक्षा डाव सुरू होण्यापूर्वी सांगा, आणि मिनिटांऐवजी डाव ठरवून द्या. दुसरे, बँकेशी जोडलेला मोबाइल मुलांच्या हाती देऊ नका. तिसरे, रात्री सर्वांचे फोन, वडिलांचासुद्धा, बाहेरच्या खोलीत ठेवा. चौथे, एकदा मुलाशेजारी बसून त्याचा खेळ पाहा आणि त्याला समजावून सांगायला लावा.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यासाठी एक गोष्ट. २००९ साली एका अतिशय खपलेल्या युद्धाच्या खेळात कराची शहर दाखविले होते, आणि तेथील पाट्या उर्दूत नव्हे तर अरबीत होत्या! अनेक खेळांत अरबी अक्षरे सुटी सुटी आणि उलट्या क्रमाने लिहिलेली असतात. रामी इस्माईल या डच-इजिप्शियन खेळनिर्मात्याने याविषयी वारंवार आवाज उठविला आहे, आणि खेळात मुसलमान दिसतो तो बहुधा गोळी घालण्यापुरता, हेही त्याने स्पष्ट सांगितले आहे. असे का होते? ज्या खोलीत तो खेळ तयार होतो तेथे आपल्यापैकी कोणी बसलेले नसते म्हणून. याउलट २०२३ साली 'असॅसिन्स क्रीड मिराज' या खेळात नवव्या शतकातले बगदाद उभे केले गेले आणि त्यात त्या शहराच्या इतिहासाची माहितीही घातली आहे. आपल्या पुण्यात २०२० साली 'राजी' नावाचा खेळ तयार झाला आणि तो जगभर विकला गेला. म्हणजे हे काम फक्त अमेरिका-जपानचे राहिलेले नाही.

'स्क्रॅच' हे मुलांना खेळ रचायला शिकविणारे साधन विनामूल्य मिळते. मोठ्या मुलांसाठी 'गोडो' आणि 'ब्लेंडर' हीसुद्धा फुकट आहेत. संस्थेकडे माझी विनंती आहे की शनिवारी दुपारी शाळेची संगणक खोली उघडी ठेवावी, जुनी बिघडलेली यंत्रे मुलांना उघडू द्यावीत आणि त्यात मुलींचे बाक पुढे असावेत. त्या मोबाइल दुकानदाराला मी विचारले आहे. महिन्यातून दोन शनिवार येऊन मुलांना शिकवायला तो तयार आहे. त्याची एकच अट होती की, मी त्याच्याबरोबर शाळेच्या दारापर्यंत यावे. मी येणार आहे.

 अल्लाह आपल्या मुलांच्या इल्ममध्ये बरकत देवो.

खुदा हाफिज. जय हिंद.